मातीला लागलेली थंडी

—नाही नाही, डावखुरा नाही मी. तापल्या दगडांवर पाणी टाकताना तेवढा डावा हात वापरतो, सवय आहे. म्हणजे सवय कसली, या आठवड्यातलीच. सरका जरा इकडे, त्या कोपऱ्यात दगडांची धग सरळ तोंडावर येते, हेलसिंकीच्या माणसाला सोसायची नाही. बसा, मेजरसाहेब, असे ऐसपैस—चुकलो, इथे मेजरसाहेब म्हणायचं नाही. तुओमो. तुओमो नि तू. आणि मी वेयो. आमचा बाप म्हणायचा, सौनात शिरलेल्या माणसाला हुद्दा लावायचा तरी कुठे, खांद्यावर नुसता घाम! हं, हसलास, बरं झालं. मला मात्र हसवू नकोस. आणि वाफ कमी वाटली तर सांग, ओगराळं इथेच आहे, बादली भरलेली आहे. सकाळपासून तू कॉफीशिवाय काही मागितलं नाहीस, इथे तरी लाजू नकोस.

बघतोयस ना? बघ, बघ, टॉवेल काढला तेव्हाच तुझी नजर तिकडे गेली होती, मी पाहिलं. ते काही नाही. तळ्याच्या धक्क्यावर घसरलो—बर्फ, वय, आणि मार्केत्ता म्हणते तशी थोडी बियरही असेल—आणि नाव बांधायच्या खुंट्यावर आपटलो. खुंटा गोल असतो, म्हणून डागही गोल. मार्केत्ता म्हणजे माझी बायको, दुपारी सूप वाढलं ती. तिलाही मी हेच सांगितलंय. नाही, तिला लाकडं फोडताना ढलपी उडाली असं सांगितलंय... तुला काय सांगितलं आत्ता? धक्का. बरोबर, धक्का. बघ, आपल्या लोकांना धड खोटंही बोलता येत नाही, एकाच डागाची दोन कारणं सांगून बसतो. जाऊ दे. मधे जांभळा नि कडेला पिवळा पडलाय, म्हणजे भरत आलाय. आणि उजव्या बाजूला आहे, काळजाच्या बाजूला नाही, मी वेडा असलो तरी इतका नाही. काही नाही, काही नाही म्हटलं ना, पाणी टाकतो थांब.

आहा. ही आली खरी वाफ. मान खाली घाल, कान भाजतात. काउको वर ऑफिसात बसलाय—माझा मेव्हणा, निम्मी कंपनी त्याची, सकाळी तुला सगळं गोड गोड समजावत होता तो—कागद मांडून बसलाय, वर पेन आडवं ठेवून. आपण इथून वर जाणार, तू सही करणार, हात मिळवणार, मग धुरी दिलेला मासा नि राय धान्याचा काळा पाव. आमच्याकडे पद्धतच तशी. आधी सौना, मग सही. सासऱ्यांनी इथे तंबू शिवायला सुरुवात केली तेव्हापासूनची पद्धत. काउको म्हणतो, घामाबरोबर गिऱ्हाइकाच्या शंकाही निघून जातात. आणि दुसरी पद्धत म्हणजे सौनात धंद्याचं बोलायचं नाही. भांडायचं नाही, खोटं बोलायचं नाही, धंद्याचं बोलायचं नाही. त्यातली एक मघाशी मोडलीच आहे मी—धक्का आणि ढलपी—आता दुसरीही मोडली तर काय मोठंसं बिघडणार आहे? विकत नाहीये मी तुला काही. विकून झालंय. नुसतं बोलतोय. माणूस बोलतो ना.

ते गोळी अडवणारं जाकीट कसं झालं ते काउकोनं तुला सांगितलं नाही. त्यानं वजन सांगितलं, थर सांगितले, पडद्यावर चित्रं दाखवली. खरं जाकीट आमच्या स्वयंपाकघरात झालंय. आमची ईरिस, आमची एकुलती एक मुलगी, सैन्यातून पहिल्यांदा सुट्टीवर आली तेव्हा गळ्याच्या हाडावर दोन्ही बाजूंना सालटं निघालेली. म्हटलं हे काय? तर म्हणाली, बाबा, तुमच्या धंद्याची कृपा. जुनं चिलखत, माहीत आहे ना तुला ते—पुरुषासाठी कापलेलं, पुरुषाच्या खांद्यावर बसवलेलं, आणि वजन असं की पोरंपोरी सरावातून आली की पहिलं ते काढून गाडीत फेकतात. ती म्हणाली, सगळ्यात भारी चिलखत कुठलं माहितेय का बाबा, जे गाडीत पडलेलं असतं ते! असं तोंड आहे तिचं. मग मी तिला उभी केली, ओट्यापाशी, जुन्या सतरंजीतून तुकडे कापले, तिच्या अंगावर टाचण्यांनी लावले, ती हात वर करणार, वाकणार, लाटणं घेऊन बंदुकीसारखं खांद्याला लावणार, मार्केत्ता ओरडणार की माझं पीठ वाळतंय. कुठे रुततं, कुठे ओढतं, सगळं त्या ओट्यापाशी कळलं. हे जे खांद्याचं वळण तू सकाळी हात फिरवून बघितलंस ना, ‘छान आहे’ म्हणालास—तो ईरिसचा खांदा आहे. माझ्या आयुष्यात मी तंबू शिवले, पाठीवरच्या पिशव्या शिवल्या, बर्फातल्या गाडीवर बसायचे सूट शिवले. पण अभिमान वाटला तो एवढ्याचाच, खोटं कशाला सांगू.

ती तुझ्याच तुकडीत आहे. होय. वसंतात तुमची जी तुकडी शांतिसेनेत दक्षिणेला जाते आहे, त्यात. तुला कसं कळणार, आडनाव माझ्या आईच्या माहेरचं लावते ती. कोर्होला. ईरिस कोर्होला—हां, तीच, तांबड्या केसांची! सारखी वाद घालणारी? तीच. तुझ्याशीपण घातला? कशावरून? मोजे! बघ, मोज्यांवरून मेजरशी वाद घालते, घरी आमचं काय होत असेल ते ओळख. तेव्हा आता कळलं तुला. पहिली खेप जी तू सही करून नेणार, त्यातलं एक जाकीट कोणाच्या अंगावर चढणार ते. काउको म्हणाला होता, हे मेजरला सांगू नकोस, उगाच त्याला वाटेल बापाचा स्वार्थ आहे. आहेच की स्वार्थ! बापाचा नाही तर कोणाचा असणार? घे, तू टाक पाणी आता, मला उजव्या हातानं ओगराळं उचलत नाही.

हळू. हं. तू आत्ता बसलायस ना त्या फळीवर—नाही, उठू नकोस, फळीला काही झालेलं नाही—त्या फळीवर माती बसली होती. हसू नकोस, खरंच. चाचणीची माती. मुलं खेळतात तसली तेलकट माती असते, पेटीत ठासून भरायची, जाकीट तिच्यावर बांधायचं आणि गोळी मारायची. गोळी आरपार जाता कामा नये, ते तर झालंच, पण गोळी अडली तरी जाकीट मागे दबतं ना—तो खळगा मातीत उठतो. तोच मोजायचा. चव्वेचाळीस मिलिमीटरपर्यंत पास, त्याच्या पुढे नापास. माती म्हणजे माणूस समजायची. म्हणून तिला माणसासारखी ऊब लागते, अंगाएवढी, थंड माती कडक होते, मग खळगा उथळ पडतो. त्यासाठी भट्टी असते आमच्याकडे. नेमकी चाचणीच्या आठवड्यात भट्टी बंद पडली. सुटा भाग जर्मनीहून यायचा, तो येईना. तुमची मुदत डोक्यावर. तेव्हा काउको म्हणाला—आणि मला इतकं आवडलं ते, मीच टाळी दिली त्याला—म्हणाला, अरे सौना आहे की! भट्टीची ऊब काय नि सौनाची काय, ऊब ती ऊब! चार लाकडं टाकली, हळू तापवला, तापमापक लावला, पेट्या ओळीनं या फळ्यांवर मांडल्या. शिवणखात्यातल्या बायका बघायला आल्या. एकीनं पेट्यांवर लोकरीच्या सौनाटोप्या घातल्या, दुसरी म्हणाली, आता हिला बियर पण पाजा. आम्ही फोटो काढला. काउकोच्या मोबाईलमध्ये आहे, दाखवेल तुला, त्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

आणि होतंही काही वावगं नाही, इथपर्यंत. माती बरोबर ऊब धरून आहे का हे बघायला तिच्यावर लोखंडी गोळा टाकतात, तो किती रुततो ते बघतात. टाकला. इथेच, बाहेरच्या खोलीत, तू कपडे काढलेस तिथे. झकास रुतला. तपासणी कंपनीचा माणूस उभा होता, त्यानं मान डोलावली. मग पेट्या घसरगाडीवर घातल्या आणि अंगणातून ढकलत गोळ्या मारायच्या बोगद्याकडे नेल्या. अंगणातून! उणे सत्तावीस होतं त्या दिवशी, आणि तळ्यावरून वारा. आता तू सांग, आपल्यापैकी कोणाच्या डोक्यात येईल? आपण सौनातून निघतो आणि नागडे बर्फात लोळतो, लहानपणापासून, बर्फातल्या भोकात उडी मारतो, वर येऊन म्हणतो काय बरं वाटलं! सौनातून थंडीत जाणं म्हणजे आपल्याला काहीच नाही. मातीला थंडी लागेल असं कोणाच्या मनातच आलं नाही. जर्मन असता तर त्यानं दुलई घातली असती तिच्यावर. बरं, बोगद्याच्या दारापाशी पोचलो, तर मार्केत्ता तिथे थर्मास आणि दालचिनीचे पाव घेऊन उभी. आलेल्या माणसाला आधी कॉफी. ती दुसरी कॉफी म्हणाली, तो माणूस नाही कसा म्हणणार? आम्ही शेडमध्ये, उबेत. आणि माती बाहेर, घसरगाडीवर.

एकेचाळीस आले. खळगे एकेचाळीस, एकदा चाळीस. पास, आणि तेही ऐटीत. काउकोनं मला मिठी मारली—काउकोनं! त्यानं त्याच्या लग्नात बायकोला मारली नव्हती. चाचणीनंतर गोळा परत टाकून बघायचा असतो, पण तोवर अंधारून आलं होतं, तपासणीवाल्याची गाडी गरम होत होती, राहिलं. नंतर मी एकटा पेट्या आवरत होतो. आणि सहज—असा, कणकेवर दाबतो ना आपण, तसा—अंगठा दाबला. बसेना. वरचं साल असं घट्ट, थंडीत राहिलेल्या चीजसारखं, आणि खाली बोट घातलं तर आत मऊ. म्हटलं, वेयो, ही माणसाची छाती नव्हे, ही तळ्यावरची बर्फाची साय आहे.

नाही, थांब, ऐक ना, मग मी गप्प नाही बसलो. सुटा भाग आला, भट्टी सुरू झाली, मी माती नीट तापवली, बोगद्यातच, दुलई घालून, गोळा टाकून, सगळं पुस्तकात आहे तसं, आणि परत मारल्या. सत्तेचाळीस. परत मारली. सत्तेचाळीस. काउकोला बोलावून दाखवली. त्यानं स्वतः पट्टी लावून मोजलं, म्हणाला, तीन मिलिमीटर! तीन मिलिमीटरपायी तू या गावातल्या निम्म्या चुली विझवणार? साक्षीदारासमोर झाली ती चाचणी, ही तू आपली हौस म्हणून केलीस. गोळी अडते ना? जीव वाचतो ना? मग? तुला सांगतो, तो वाईट माणूस नाही. ईरिस लहान असताना तिला पोहायला त्यानं शिकवलं, मी नाही. त्यालाही ती वसंतात जाणार हे माहीत आहे. त्याला खरंच वाटतं की तीन मिलिमीटर म्हणजे काही नाही. आणि मलाही वाटायला लागलं, हेच तर सांगतोय. रात्री बोटांत अंतर धरून बघायचो. एवढंसं. एवढ्याशात काय होतंय?

तेव्हा मी म्हटलं, बघूच. ... नको टाकूस पाणी, थांब जरा. बोगद्यात बंदुकीची नळी टेबलाला पक्की बांधलेली असते, पिस्तुलाची गोळी, दोरी ओढली की सुटते. दोरी चांगली लांब आहे. मी माझ्या मापाचं जाकीट घातलं—थर तेच, कापड तेच, पोट तेवढं जास्त—तोंडावर वेल्डिंगचा मुखवटा लावला, खडूनं उजवीकडे खूण केली आणि उभा राहिलो. तसा बघू नकोस माझ्याकडे. माहीत आहे. माहीत आहे मला, तू म्हणायची गरज नाही. अठ्ठावन्न वर्षांचा घोडा झालोय मी. पण मातीला विचारून विचारून थकलो होतो रे, ती एक आकडा सांगते नि गप्प बसते. मी दोरी ओढली.

घोड्यानं लाथ मारल्यासारखं वाटतं म्हणतात. तसं नाही. मला श्वास कसा घ्यायचा तेच आठवेना. मी खाली पडलेला, फरशी गार, तोंड उघडं, आणि आत काहीच जाईना. मग थोडं थोडं जायला लागलं, कुत्र्यासारखं, वरच्या वर. हात उचलायला गेलो तर उजवा हात माझा नव्हताच. मोबाईल खिशात, उजव्या. बाहेर काउकोची गाडी सुरू झालेली ऐकली, तो घरी निघाला होता, हाक मारावी म्हटलं तर आवाज फुटेना, आणि गाडी गेली. मी पडून होतो. किती वेळ ते विचारू नकोस. आणि पडल्या पडल्या मला दुखण्याचं काही वाटलं नाही, आईशप्पथ, मला एकच दिसत होतं. ती तिथे, रेतीत, अशीच पडली आहे. जिवंत आहे. काउको बरोबर आहे, जीव वाचतो, वाचलाय तिचा. पण तिला उठता येत नाही. बंदूक हातातून सुटली आहे आणि हात तिचा नाही. आणि जिथून पहिली गोळी आली तिथून दुसरी यायला किती वेळ लागतो, ते तू मला सांग, सैनिक तू आहेस.

हे खुंट्याचं नाही, ढलपीचं नाही. हे तीन मिलिमीटरचं आहे. हात लाव हवा तर. लाव, हळू—आई गं—हां. बरगडीला चीर आहे, डॉक्टरकडे गेलो नाही, त्याला काय सांगू, ढलपी?

उपाय? उपाय आहे, दोन थर वाढवायचे. मला झोपेतही शिवता येतील. पण दोन थर म्हणजे वजन, आणि वजन वाढलं की तुमच्या अटीत बसत नाही, अटीत बसलं नाही की दुसऱ्या कंपनीचं जाकीट घ्यावं लागणार, ते खांद्याला रुतणार आणि पोरं ते काढून गाडीत टाकणार. आणि तुम्ही काही घेतलंच नाही तर जुनं आहेच, ते तर आधीपासून गाडीत आहे. बघ, हे सगळं मी काउकोला सांगायच्या आधी स्वतःला सांगितलंय. हलकं नि कच्चं, की जड नि गाडीत? हेच चाललंय डोक्यात, दिवसभर, तू सकाळी आलास तेव्हाही, मी जाकीट उलगडून दाखवत होतो, ‘हा बघा खांदा’ म्हणत होतो, आणि मनात सत्तेचाळीस, सत्तेचाळीस. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं. एवढंच आहे की तू अट थोडी सैल केलीस, त्या दोन थरांपुरती, तर ते अजूनही सगळ्यात हलकं ठरेल. पण त्यासाठी चाचणी पहिल्यापासून घ्यावी लागेल, आणि त्यासाठी कोणीतरी म्हणावं लागेल की पहिली चुकली होती. आणि मग वसंतापर्यंत होईल का? रात्रंदिवस शिवलं तर होईल. कदाचित होईल. शपथ घेऊन नाही सांगत.

येतो रे, येतो! काउको आहे, दार वाजवतोय. येतो म्हटलं, पाचच मिनिटं, मेजरसाहेबांची पाठ डहाळ्यांनी शेकून देतोय! ... गेला. मासा थंड होतोय म्हणे. बोल काहीतरी. शिव्या दे.

काय म्हणालास?

सौनातलं सौनात. हं. म्हणजे ऐकलंच नाहीस तू. नाही, मला कळलं, कळलं. रीतच आहे आपली, तू ती पाळतोयस, त्यात चूक काय? तुलाही वर कोणीतरी विचारणारच की पोरांना नवी जाकिटं कधी मिळणार. तुकडी निघायची आहे, नवा वाद कोणाला हवाय. म्हणजे झालं तर. मी बोललो, तू ऐकलं नाहीस, दोघं मोकळे. खरं सांगू, आत्ता तू ते म्हणालास ना, तेव्हा मला क्षणभर इतकं हलकं वाटलं! जणू कोणी अंगावरून ते जाकीटच काढून घेतलं. म्हटलं, सुटलो. मी माझं काम केलं, आता वर जायचं, कपडे घालायचे, मासा खायचा. आणि मी खाईन, तुओमो. मी स्वतःला ओळखतो. एकदा का शर्ट अंगावर चढला, बटणं लावली, काउकोनं पेन पुढे केलं, की मी पुन्हा ‘हा बघा खांदा’ म्हणणार. इथे बोलता येतं कारण इथे काही मोजलं जात नाही. तिथे मोजलं जातं, आणि तिथे माझी बोबडी वळते.

नाही. नाही चालायचं. हे असं नाही चालायचं.

ऐक. मी शर्ट घालणार नाही. असाच येतो वर, पँट चढवून, वरून उघडा. शिवणाऱ्या बायका बघोत, मार्केत्ता बघो, तिला ढलपीचं काय ते तिथेच कळू दे. काउको म्हणेल वेयो, वेड लागलं का, थंडी वाजेल. वाजू दे. मी टेबलासमोर उभा राहीन, त्या कागदापाशी, आणि तू बघशीलच, न बघता कुठे जाशील? तिथे तू मेजर असशील. मेजरला विचारावं लागतं, हा डाग कसला. तू विचार. नाही विचारलंस तर काउको विचारेल, त्याला अजून माहीत नाही. तेवढ्यानंही होईल माझं काम.

हात देऊ नकोस, उठतो मी, सावकाश उठायचं असतं मला हल्ली. तू जा पुढे. पाण्यात उडी मारून घे, बर्फात भोक सकाळीच पाडून घेतलंय, पायरी निसरडी आहे, कठडा धरून उतर. आणि टॉवेल घे तुझा. जा, जा, बोलू नकोस आता काही, बोलायचं ते वर. दार तेवढं नीट ओढून घे. ऊब जाते.